उत्तर येते, पण इंग्रजीत मांडता येत नाही : तीन आठवड्यांत मुलाखतीची तयारी कशी करावी?

प्रश्न (पूर्व भाग, सोलापूर)

मी अशोक चौकाजवळ राहतो. आमच्या घरात तेलुगू बोलली जाते, शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची होती आणि संगणक अभियांत्रिकीची पदवी मी याच वर्षी सोलापुरातून घेतली. गेल्या महिन्यात पुण्याला एका कंपनीत मुलाखतीसाठी गेलो होतो. जावा या संगणकभाषेतील हॅशमॅप (नावावरून त्याच्याशी जोडलेली माहिती चटकन शोधून देणारी रचना) आतून कसा चालतो, असा प्रश्न आला. हा भाग मी वर्गातल्या मित्रांना अनेकदा समजावून सांगितलेला आहे. तरीही 'हॅशमॅप इज', 'हॅशमॅप यूजेस' एवढे म्हणून मी थांबलो आणि पुढे शब्दच सुचेनात. समोरच्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढचा प्रश्न घेतला. परतताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये तेच उत्तर मराठीतून सलग मनात येत होते, याचे फार वाईट वाटले.

आता तीन आठवड्यांनी दुसरी मुलाखत आहे आणि ती घरूनच व्हिडिओवर द्यायची आहे. वडील यंत्रमागावर काम करतात. इंग्रजी संभाषणाच्या वर्गाची फी भरायला ते तयार आहेत, परंतु तो वर्ग तीन महिन्यांचा आहे. तो लावावा, की या तीन आठवड्यांत दुसरे काही करावे?

उत्तर (जुळे सोलापूर)

मी मूळची अक्कलकोट तालुक्यातली, घरची भाषा कन्नड. गेली नऊ वर्षे या क्षेत्रात काम करते आहे आणि तुमच्यासारखीच एका मुलाखतीत गप्प झाले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

वर्ग पुढे अवश्य लावा, पण या मुलाखतीला तो पुरणार नाही. तिथे प्रवासातली, बाजारातली, ओळखीपाळखीची वाक्ये आधी शिकवतात आणि तुमची अडचण तिथे नाही. तुमच्या उत्तरातली नामे पाहा : की (ज्यावरून शोधायचे ते नाव), व्हॅल्यू (त्याच्याशी जोडलेली माहिती), हॅश कोड (कीवरून काढलेला आकडा), बकेट (नोंद ठेवण्याचा कप्पा), कोलिजन (दोन की एकाच कप्प्यात येणे). मित्रांना समजावताना तुम्ही हेच शब्द वापरले असणार, म्हणजे ते तुमच्या तोंडात बसलेले आहेत. कमी पडतात ती दहा-पंधरा क्रियापदे (कॅल्क्युलेट, स्टोअर, कम्पेअर, चेक, रिटर्न अशी) आणि वाक्ये जोडणारे फर्स्ट, देन, इफ, बिकॉज, सो हे शब्द. एवढ्या भांडवलावर तांत्रिक उत्तराचा बराचसा भाग उभा राहतो.

दुसरे कारण वाक्यरचनेचे आहे. मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्येही क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच पाठोपाठ येते. त्यामुळे मनात मराठी वाक्य पूर्ण करून त्याचे भाषांतर करणारा माणूस दुसऱ्याच शब्दाला अडतो, आणि तुम्ही नेमके तिथेच अडलात. यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे वाक्य लहान ठेवणे. 'फर्स्ट, इट कॅल्क्युलेट्स द हॅश कोड ऑफ द की. देन इट फाइंड्स द बकेट. इफ टू कीज गो टू द सेम बकेट, इट कम्पेअर्स देम विथ इक्वल्स.' या तीन वाक्यांत उत्तराचा गाभा आला.

बोलताना कागदावर १६ चौकोन काढत जा, एक चौकोन म्हणजे एक बकेट, कारण हॅशमॅपची सुरुवातीची क्षमता १६ असते. लोड फॅक्टर (क्षमतेच्या किती भागापर्यंत भरू द्यायचे ते प्रमाण) ०.७५ असल्यामुळे १२ नोंदींच्या पुढे गेल्यावर ती दुप्पट होते, हेही त्याच चित्रावर बोट ठेवून सांगता येते. हात चालू असला की जिभेवरचा ताण कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

रोज दोन विषय घ्या आणि प्रत्येकावर अशी सहा-सात वाक्ये फोनवर ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐका. संपूर्ण उत्तर पाठ करू नका. मध्ये कुणी प्रश्न विचारला की पाठांतराचा धागा तुटतो आणि मग काहीच आठवत नाही. शिवाय तुम्ही मराठी तरी कशी शिकलात? शाळेत चुकत चुकत, लिंगांचा घोळ घालत, पण बोलत राहूनच ना? एक भाषा तुम्ही या मार्गाने मिळवलेली आहे, ही तुमची मोठी जमा बाजू आहे.

उत्तर (सोलापूरकर, सध्या पुणे)

मी चार वर्षांपासून मुलाखती घेतो. व्याकरणाच्या चुकीमुळे मी कुणाला नाकारल्याचे मला आठवत नाही, मात्र उमेदवार गप्प राहिला तर त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे कळायला मला मार्गच उरत नाही. क्रमाने लावलेल्या १००० संख्यांमधून एक संख्या शोधायची असेल, तर बायनरी सर्चमध्ये (दर वेळी मधली संख्या तपासून निम्मा भाग वगळण्याची पद्धत) जास्तीत जास्त १० तुलना पुरतात. हे का, ते सांगताना 'एव्हरी टाइम, हाफ इज गॉन' असे मोडके वाक्य आले तरी मुद्दा माझ्यापर्यंत पूर्ण पोहोचतो.

प्रश्न समजला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नये. 'सॉरी, कॅन यू रिपीट द क्वेश्चन?' आणि 'गिव्ह मी वन मिनिट टू थिंक' ही दोन वाक्ये न अडखळता म्हणता आली पाहिजेत. ती म्हटल्याने गुण कमी होत नाहीत.

उत्तर (होटगी रस्ता)

वरील दोन्ही मतांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एक गोष्ट राहून गेली. नवख्या उमेदवाराला बरेच प्रश्न त्याच्या स्वतःच्या प्रकल्पावरूनच विचारले जातात, तेव्हा तयारीची सुरुवात तिथून करावी. अर्जात जी तंत्रे लिहिली आहेत, त्यातील प्रत्येक का निवडले, याचे एक वाक्य 'बिकॉज' घालून तयार ठेवा. जे दोन वाक्यांत सांगता येत नाही, ते अर्जातून काढून टाकलेले बरे. आणि नोकरी लागल्यावर ईमेल व कागदपत्रे इंग्रजीतच असतात, म्हणून वर्गाचा विचार सोडू नका.

प्रश्नकर्ता

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हॅशमॅपची सात वाक्ये ध्वनिमुद्रित केली. पहिल्या वेळी चार ठिकाणी थांबलो, पाचव्या वेळी एकाच ठिकाणी. प्रकल्पातून दोन तंत्रांची नावे काढली आहेत, कारण ती माझ्या सहकाऱ्याने वापरली होती. एक अडचण मात्र उरते : आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट असतो, त्यामुळे व्हिडिओवर माझा आवाज नीट ऐकू जाईल का, याची काळजी वाटते.

उत्तर (जुळे सोलापूर)

त्या दिवशी घरी बसू नका. एखाद्या नातेवाइकाची शांत खोली आधीच ठरवा, तार असलेला हेडफोन वापरा आणि दोन दिवस आधी तिथूनच मित्राला व्हिडिओ कॉल करून पूर्ण अर्धा तास इंग्रजीत बोलून पाहा. १६ चौकोनांचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला तर वाचता येतो का, तेही त्याच वेळी पडताळून घ्या.