पालकांना आधी शिकवायचं, की आधी मोकळं करायचं?

केळीपट्टा (रावेर)
मागच्या महिन्यात आमच्या गावच्या अंगणवाडीत पालक मेळावा झाला. सतरंजी, पाण्याचा जार, भिंतीवर तक्ते. पाहुणे पाऊण तास बोलले. पंधरा-सोळा बाया, पुरुषांत मी आणि एक आजोबा. पोरं बाहेर मातीत खेळत होती. भाषण संपल्यावर सेविकाताईंनी तेलाच्या रिकाम्या बाटलीत मूठभर हरभरे टाकले, बूच घट्ट लावलं आणि एका दहा महिन्यांच्या पोरीच्या कानामागे ती वाजवली. पोरगी वळली. दुसऱ्या बाजूला वाजवली, परत वळली, खुदकन हसली. तिची आई तोवर पदर तोंडाला लावून बसलेली. तिने बाटली ताईंच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः वाजवायला लागली. मेळाव्यातलं मला एवढंच लक्षात राहिलंय.

माझं म्हणणं असं, की भाषणं बंद करा आणि हे घरोघरी न्या. आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतातच. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी येतात. वजन, ताप, स्तनपान बघतात. त्यातच थोडा खेळ का बसवू नये?

जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर असा प्रयोग सुरू झाला. मुलं ९ ते २४ महिन्यांची. काही घरांत आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या, घरच्याच वस्तूंची खेळणी करून आईला मुलाशी खेळायला लावायच्या. वीस वर्षांनी बघितलं तर ती मुलं इतरांपेक्षा २५ टक्के जास्त कमवत होती. ज्यांना नुसता पूरक आहार दिला होता, त्यांच्यात हा फरक टिकला नव्हता.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
भाऊ, तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली की दसऱ्यानंतर टोळी निघायची, ती अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमाराला परत. मी सात वर्षांचा, बहीण आठ महिन्यांची. आई पहाटे तीनला फडात. मी खोपीजवळ बाभळीला बांधलेल्या साडीच्या झोळीची दोरी ओढत बसायचो. ती रडली की ओढायचो, गप झाली तरी ओढायचो, कारण थांबलं की परत रडायची. उन्हं चढली की आई धावत यायची, तिला पाजायची आणि तशीच परत. अंगावर पाचटाचे ओरखडे.

त्या बाईला लेकराशी कसं बोलायचं हे शिकवायला कोणी आलं असतं, तर मला आजही राग आला असता. तिला सगळं येत होतं. तिच्याकडे वेळ नव्हता, तो मुकादमाने आधीच विकत घेतला होता.

हंगामी वसतिगृहं आली, चांगलंच झालं. पण ती शाळकरी पोरांसाठी. सहा वर्षांखालचं लेकरू आईबरोबर फडावरच जातं. २००५च्या रोजगार हमी कायद्यात होतं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. उसाच्या फडावर, कापूस वेचणीला, तुमच्या केळीच्या बागेत कोणी नेमली का? आधी पाळणाघर द्या. खेळ नंतर शिकवा.

काकू_अमळनेर
आमच्या वेळी कोणी शिकवायला येत नव्हतं. आजी होती, ओव्या होत्या, अंगणात चार पोरं होती. गेल्या वर्षी शेजारच्या सुनेने विचारलं, ‘काकू, पोरसंगे कसं बोलानं हाई बी आते शिकाडतस का?’ मला त्या पोरीचं वाईट वाटलं. घरात आजी असेल तर सरकारने मध्ये येऊ नये.

केळीपट्टा (रावेर)
काकू, आजी असायला हवी हे शंभर टक्के खरं. पण आमच्याकडची आजीच सकाळी बागेत घड वाहायला जाते. माझी आईसुद्धा जायची. घरी उरतं ते सहावीतलं पोरगं आणि त्याच्या हातातला मोबाईल.

पाड्यावरची_ताई (धडगाव)
मी सेविका आहे. एका पाड्यावरून दुसऱ्यावर पायी सव्वा तास. बाळांची वजनं, दंडघेर (पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दिसली, म्हणजे तीव्र कुपोषण, की पोटात गोळा येतो), घरपोच आहार, २०१५पासून अमृत आहार, त्यात गरोदर बायांना जेवण आणि पोरांना अंडी नाहीतर केळी. शिवाय मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर सगळं भरायचं. रेंज टेकडीवर मिळते, म्हणून संध्याकाळी टेकडीवर जाते.

केळीपट्टा भाऊ, ‘त्यातच बसवा’ हे लिहायला सोपं आहे. आशाताईचे आणि माझे तास कोणी मोजलेत का? जमैकातल्या बाईचं काम तेच होतं. आणखी एक. आम्हाला येणारे तक्ते पुस्तकी मराठीत. माझ्या पाड्यावरच्या आया पावरी बोलतात. तक्ता बाजूला ठेवून मी पावरीत सांगते, तेव्हा त्या उत्तरं देतात. गिरणाकाठ भाऊ, तुमच्या आईसारख्या बाया माझ्याकडे दरवर्षी गुजरातच्या तोडीला जातात. परत येतात तेव्हा लेकराचं वजन उतरलेलं असतं. ते मी वहीत लिहिते, दुसरं काय करणार.

शिक्षिका_धुळे
जमैकाचं उदाहरण खरं आहे, पण कोलंबियात तशाच भेटी मोठ्या प्रमाणावर केल्या, तेव्हा आधी दिसलेला फायदा दोन वर्षांनी मोजला तर उरला नव्हता. ओडिशाच्या खेड्यांत मात्र घरोघरी जाण्याऐवजी आयांचे लहान गट घेतले. परिणाम जवळपास तेवढाच आला आणि खर्च बराच कमी. ताईंच्या पायी सव्वा तासाचं उत्तर कदाचित इथे आहे. गट पाड्यावरच बसवा, त्यांच्या भाषेत. पण गटासाठीही आई मोकळी हवीच. म्हणून मी गिरणाकाठ यांच्या बाजूची.

केळीपट्टा (रावेर)
ताईंची माफी मागतो, ‘त्यातच बसवा’ हे मी विचार न करता लिहिलं. खेळाचा आग्रह मात्र सोडत नाही. पाळणाघर मिळालं आणि तिथे पोरं दिवसभर नुसती झोपवून ठेवली तर?

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. आमच्याकडे त्यातून दरवर्षी काय होतं हे मी ग्रामसभेत विचारणार आहे. जुन्या शाळेची एक खोली रिकामी पडलीय. तिथे बाई नेमायची आणि बाटली-हरभऱ्याचा खेळ सेविकाताईंनी तिला शिकवायचा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
खोली किती वाजता उघडणार, ते आधी ठरवा. घड कापायला बाया सहाला निघत असतील आणि खोली दहाला उघडणार असेल, तर झोळी झाडालाच राहील. साडेपाचला उघडणार असाल तर मला कळवा. मी स्वतः बघायला येतो.