कपाशी सोडून बटईनं रेशीम धरू का? अनुभवी लोकांनी बोला

गोदाकाठचा
राम राम मंडळी. गेवराई तालुका, वय ४३, रान अडीच एकर, सगळी कपाशी. बोंडअळीनं दोन वर्षं वेचणीचा खर्चही निघू दिला नाही. भावकीतल्या एकाची एक एकर तुती अन् शेड तयार आहे. त्याला पोराकडं पुण्याला जायचंय. परवा पारावर मला म्हणाला, "निम्म्या बटईनं तू कर, पाडव्याच्या आत सांग." मी आयुष्यात अळी फक्त मारलेली आहे, पाळलेली नाही. काय करू?

बांधावरचा
आमच्या गावात तिघांनी शेड बांधले. आज दोघांच्या शेडात शेळ्या आहेत. एवढंच सांगतो.

पिकअपवाला
दादा, मी रेशमात आलो तो ड्रायव्हर म्हणून. माझी पिकअप होती, आमच्या भागातले कोष कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजाराला न्यायचो. सोलापूर, विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, मग बेंगळुरूच्या पुढं. कोष हलके, पण दाबून भरले की गरम होतात. म्हणून पोती सैल भरायची अन् शक्यतो रात्रीच गाडी पळवायची. वाटेत थांबायलाही भीती, कारण पाखरू कोष फोडून बाहेर आलं की त्या कोषाचा सलग धागा निघत नाही.

२०१८ ला जालन्यात कोषाचा बाजार सुरू झाला. शेतकऱ्याची लांबची खेप वाचली अन् माझं भाडं बुडालं. खोटं कशाला बोलू, तेव्हा त्या बाजाराला शिव्याच घातल्या. गाडीचे हप्ते चालू होते.

पण लिलावात उभं राहून एक गोष्ट फुकट शिकलो होतो. घेणारा मूठभर कोष उचलतो, एक कानाशी धरून हलवतो. खुळखुळ वाजला तर आत प्युपा, म्हणजे कोषातला किडा, नीट तयार आहे. वाजला नाही तर एक तर किडा आत मरून चिकटलाय, नाहीतर शेतकऱ्यानं घाईनं कच्चा कोष काढलाय. मग एखादा कापून बघतो. माल बघून भाव काय लागेल ते मला गाडीत भरतानाच कळायला लागलं होतं. मग बायकोच म्हणाली, दुसऱ्याचे कोष किती दिवस वाजवणार? लावली तुती.

पहिली बॅच पूर्ण गेली. शेजारच्या कपाशीवरचा फवारा वाऱ्यानं माझ्या तुतीवर आला. पाला घातला अन् तासाभरात अळ्या माना उचलून हिरवं ओकायला लागल्या. शेजाऱ्याचं काय चुकलं? तो त्याच्या रानात फवारत होता. आता तो फवारायच्या आदल्या दिवशी फोन करतो, मी दोन दिवसांचा पाला आधीच कापून ओल्या गोणपाटाखाली ठेवतो.

तुमच्या बाबतीत मी म्हणेन, हो म्हणा. शेड अन् तुती आयती मिळतेय, ही संधी मला नव्हती. मात्र पाडव्याला हो म्हणून लगेच बॅच घेऊ नका. उन्हाळ्यात शेड तापतं, अळीला पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास लागतं. पावसाच्या तोंडावर छाटणी करा, पहिली बॅच शंभर अंडीपुंजांचीच (एका पाखराची अंडी म्हणजे एक पुंज) घ्या. साठ-सत्तर किलो कोष निघाले तरी पहिल्या खेपेला पास समजा. भावाचं विचारू नका, तो रोज हलतो. अन् अडीच एकरातली सगळी कपाशी यंदाच मोडू नका.

जालन्याची सून
पिकअपवाल्या दादांनी सगळं सांगितलं, घरातल्या बाईचं राहिलं. चॉकी सेंटरमधून, म्हणजे बारक्या अळ्या वाढवून देतात तिथून, दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणल्या तरी पुढं अठरा-वीस दिवस तुमचेच. शेवटच्या आठवड्यात त्या इतकं खातात की पाला कापणारे हात पुरत नाहीत. एकूण पाल्यातला ऐंशी टक्क्यांच्या वर पाला त्याच दिवसांत जातो. त्या आठवड्यात लग्न, जत्रा, माहेर काही नाही. आमच्या सासूबाईंनी तर भाचीचा साखरपुडा बुडवला, अजून ऐकवतात. तेव्हा वहिनींना विचारून मगच हो म्हणा. अन् तंबाखू खात असाल तर शेडाबाहेर, हात साबणानं धुऊन आत. बटईत पाणी कुणाचं अन् निर्जंतुकीकरणाचा खर्च कुणाचा, हे आधीच कागदावर घ्या. भावकी आहे म्हणून तर नक्कीच घ्या.

बांधावरचा
शेळ्यांचं मी सांगितलं, तिसऱ्याचं राहिलं. त्यानं औंदा ट्रॅक्टर घेतला. 😄

गोदाकाठचा
सगळ्यांचे आभार. काल शेड बघून आलो. विहिरीचं पाणी त्याचं, मोटारीचं बिल निम्मं-निम्मं, असं ठरतंय. घरी विचारलं तर ही म्हणाली, "फवारणीच्या वासानं माझं डोकं दुखतं ते तरी थांबेल."
पण तुतीला लागून एकाची पऱ्हाटी उभी आहे. त्याच्याशी चार वर्षं बोलणं नाही, बांधावरून. उद्या सकाळी त्याच्याकडं जातोय. हिनं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी भरून ठेवलीय, रिकाम्या हातानं जाऊ नका म्हणते.