देवळालीला पोस्टिंग आलीय, क्वार्टर मिळेपर्यंत रूम कुठे बघू?

सातारची_फौजीण: नमस्कार, मिस्टरांची पोस्टिंग भटिंड्याहून देवळालीला, स्कूल ऑफ आर्टिलरीत आलीय. क्वार्टरला वेटिंग आहे म्हणे, तोवर बाहेर राहायचं. लॅम रोड बरा, विहितगाव, की सरळ नाशिकरोड? मुलगी सातवीत, केव्हीत (केंद्रीय विद्यालयात) आहे. खरं टेन्शन तिचंच आहे, यावेळी म्हणते मी मैत्रिणीच करणार नाही, परत सोडूनच जायचंय ना. घरी मराठी बोलते पण वाचताना अडखळते. आणि नातेवाईक म्हणतात, आता काय बाई महाराष्ट्रातच आलात, मजा आहे!

कॅम्पवाली: ताई लॅम रोडच बघा, कॅम्प जवळ पडतो, भाजी बाजार सगळं हाताशी, फक्त पावसाळ्यात ओल येते का ते आधी शेजाऱ्यांना विचारा, मालक सांगत नाहीत. केव्हीची टीसी आणा, केव्हीतून केव्हीत वर्षाच्या मध्येही घेतात. मुलीचं म्हणाल तर माझा मुलगा पण असाच गप्प बसायचा, क्रिकेटला जायला लागला आणि सुटला. समजावून काही होत नाही हो, संध्याकाळी बाहेर पाठवा.

रिटायर्ड_तोफची: कागदांचं बघ बेटा, ते कुणी सांगत नाही. मिस्टरांचं महाराष्ट्राचं डोमिसाइल (रहिवासी दाखला) काढलंय का? पुढे इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनला महाराष्ट्रात डिफेन्सच्या जागा असतात, डोमिसाइल असलेल्या चालू सर्व्हिसवाल्यांची मुलं डेफ-२ मध्ये, नुसती बदलीवर आलेल्यांची डेफ-३ मध्ये. बारावीला धावपळ करण्यापेक्षा आत्ताच काढून ठेवा. गाडी पंजाब पासिंग असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी घेऊनच निघा, १२ महिन्यांच्या वर इथे राहिली तर नंबर बदलावा लागतो. देशभर चालणारा बीएच (भारत सिरीज) नंबर असेल तर प्रश्नच नाही.

विहितगावकर: आमच्याकडे दोन फौजी भाडेकरू होऊन गेले, माणसं चांगली. पण ११ महिन्यांच्या करारात एक ओळ टाकून घ्या की क्वार्टर मिळालं किंवा मूव्ह ऑर्डर आली तर एक महिन्याच्या नोटिसवर सोडणार आणि डिपॉझिट पूर्ण परत. तोंडी बोलण्यावर राहू नका, मी मालक असून सांगतोय 😄

सातारची_फौजीण: धन्यवाद सगळ्यांना. काका डोमिसाइल काढलेलं नाही, आजच ह्यांना सांगते. कॅम्पवाली ताई, मुलींसाठी बॅडमिंटन वगैरे आहे का कॅम्पात? क्रिकेटला ती काही जायची नाही.

कॅम्पवाली: आहे की, आल्यावर मेसेज टाका, माझी पुतणी जाते, सोबत नेईल.