मदत हवी आहे: फुगलेली डबी, पांढरे ठिपके आणि तोंडावर आलेला पावसाळा (पाइपची तंबाखू घरी मुरवणे)

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी. पाइप ओढणारे इथे बोटांवर मोजण्याइतकेच असतील, पण आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसते, म्हणून विचारतो.

मेहुणे जहाजावर असतात. सुट्टीवर येताना माझ्यासाठी पाइपची तंबाखू आणतात. माणशी १२५ ग्रॅमपर्यंतच करमाफी, त्यामुळे दर खेपेला पन्नास ग्रॅमच्या दोन डब्या. मी ओढतो शनिवार-रविवारी, जेवण झाल्यावर एकदा. आवक जास्त, जावक कमी, साठा वाढत गेला. व्हर्जिनिया (तंबाखूचा एक प्रकार) वर्षानुवर्षे मुरते आणि सुधारते असे वाचले होते, म्हणून म्हटले राहू दे. परवा कपाट उघडले तर तीन प्रश्न उभे राहिले.

एक, व्हर्जिनियाची न उघडलेली गोल डबी वरून फुगली आहे. खायचा डबा असा फुगला असता तर मी तो सरळ फेकला असता. हिचे काय करू? दोन, बरणीत काढून ठेवलेल्या फ्लेकवर (पाने दाबून पातळ पट्ट्या कापलेल्या असतात ती) पांढरे ठिपके दिसतात. बुरशी की आणखी काही? तीन, आणि खरे दुखणे हेच: पाऊस तोंडावर आलाय. आम्ही ठाण्यात, खाडीच्या अंगाला. जुलैत आमच्याकडे पापड तळून ताटात येईपर्यंत सादळतो. परदेशी साइटींवर पाहावे तर जो तो तंबाखू कोरडी पडू नये म्हणून काय करावे तेच सांगतो. मातीची चकती भिजवून ठेवा, डिस्टिल्ड वॉटर शिंपडा. मला नेमके उलटे हवे आहे.

साठ्यात मुख्यतः व्हर्जिनिया फ्लेक, 'नाइटकॅप' नावाच्या मिश्रणाच्या काही डब्या आणि एक व्हॅनिलाच्या वासाचे पाउच. उघडलेला माल थोडा बरणीत, थोडा झिपलॉकमध्ये. आईकडे लोणच्याच्या चिनी मातीच्या दोन बरण्या रिकाम्या आहेत, त्या चालतील का?

'सोडून द्या' म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार. तो सल्ला घरात रोज मिळतो.

निवांत:

डबी फेकू नका. व्हर्जिनियाचे पान कोठीत गरम हवेवर झटपट वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर बरीचशी तशीच राहते. डबी बंद झाली की आत हळूहळू आंबण्याची क्रिया चालते, थोडा वायू सुटतो आणि झाकण वर येते. ठाण्याचा मे महिना त्याला हातभार लावतो. फुगली आहे याचा अर्थ ती अजून हवाबंद आहे.

भ्यायचे ते गंजलेल्या डबीला. सगळ्या डब्या उलट्या करून तळाची कड बघा. तपकिरी ठिपके दिसले तर ती डबी मुरत ठेवू नका, उघडा, पान तपासा, चांगले असेल तर काचेत भरा. आतून गंज धरलेल्या पत्र्याला बाहेरून काहीच दिसत नाही, हा आणखी वैताग. खाडीच्या हवेत मी तरी पत्र्यावर विसंबणार नाही.

चिनी मातीची बरणी अजिबात नको. दादरा बांधला म्हणजे हवाबंद झाली असे नव्हे. लोणच्यावर तेलाचा थर असतो म्हणून ते टिकते, तंबाखूवर काय आहे? शिवाय हिंग-मोहरीचा वास त्या बरणीतून या जन्मी जाणार नाही.

ठिपके चमकतात का? वास कसा येतो? ते सांगा, मग पुढचे बोलू.

हिमवासी:

एडमंटनहून लिहितोय. आमचे दुखणे तुमच्या अगदी विरुद्ध. हिवाळ्यात हीटिंग सुरू झाले की घरातली हवा इतकी कोरडी होते की उघड्या पाउचचा भुगा होतो. तुम्ही वाचलेले सल्ले अशा घरांसाठी लिहिलेले आहेत. इकडे जुनी माणसे डब्यात सफरचंदाची फोड टाकायची. तुम्ही ठाण्यात तसले काही करू नका, फोडीआधी तंबाखूला बुरशी येईल.

मुरवण्याबद्दल थोडे. सगळीच तंबाखू मुरून सुधारत नाही, हे साइटींवर दहाव्या परिच्छेदात सांगतात. सगळ्यात जास्त फायदा व्हर्जिनियाला. पहिल्या काही महिन्यांत बरणीतला ऑक्सिजन वापरला जातो, मग हवेविना चालणारे संथ बदल सुरू होतात. वर्षभरात फरक कळू लागतो, पाच वर्षांनी तीच तंबाखू ओळखू येत नाही: रंग गडद, जिभेला बोचणे कमी, गोडवा खोल. बर्ली हा दुसरा प्रकार, ती सावलीत सावकाश वाळवलेली असते, त्यात साखर जवळजवळ उरलेलीच नसते, म्हणून ती फारशी बदलत नाही. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यातली पेरिक मुळातच पिंपात दाबून आंबवलेली असते. व्हर्जिनियाबरोबर तिचे चांगले जमते.

तुमच्या 'नाइटकॅप'मध्ये लाटाकिया आहे. हल्ली ती सायप्रसची असते, लाकडांच्या धुरावर धरलेली. तो धुरकट तिखटपणा वर्षांबरोबर उतरत जातो. काहींना त्यातला मऊपणा आवडतो. मला नाही आवडत, मी लाटाकिया ताजीच ओढतो.

व्हॅनिलाचे पाउच आधी संपवा. त्यातला वास वरून लावलेला असतो, तो उडून जातो. त्यात बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल असते, त्यामुळे ती कायम ओलसर लागते आणि हाताला खरा अंदाज येत नाही. आणि कृपा करून ती व्हर्जिनियाच्या शेजारच्या झिपलॉकमध्ये ठेवू नका.

मनीप्लांट:

सोडून द्या. (आगाऊ नमस्कार पोचला.)

खाडीकाठ:

भिंगातून पाहिले. बरणीतले ठिपके बारीक, उजेडात धरले की चकाकतात, पट्टीला घट्ट चिकटलेले. वास मनुकांचा, किंचित आंबूस, छान आहे. झिपलॉकमध्ये मात्र एका कोपऱ्यात करडी लव दिसते आणि पिशवी उघडताच कुबट वास आला.

निवांत:

बरणीतले स्फटिक आहेत, व्हर्जिनियावर धरतात. खुशाल ओढा.

झिपलॉकमधली सगळी फेका. 'कोपराच खराब आहे, बाकी वापरतो' असे करू नका, लव दिसते त्याच्या पलीकडेही धागे गेलेले असतात, आणि तो धूर छातीत ओढायचा विषय नाही. झिपलॉकचे प्लास्टिक ओल आणि वास दोन्ही आत-बाहेर जाऊ देते. आठवड्याभरासाठी ठीक, मुरवायला नाही. कपाटाचा तो खणही पुसून कोरडा करा.

कढीपत्ता:

मी ओढत नाही, नवराही नाही, पण एक गोष्ट सांगायला आले. हळद, धणे, लाल मिरचीत जो बारीक तपकिरी, पाठ फुगीर असलेला किडा पडतो ना, तोच तंबाखूचा किडा. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्न. प्लास्टिकची पिशवी कुरतडून आत जातो. रत्नागिरीत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून ठेवताना आम्ही याच्याशीच भांडत असतो. तुमचे कपाट स्वयंपाकघराजवळ असेल तर तंबाखू तिथून हलवा. तुमची तंबाखू वाचेल आणि वहिनींचा मसालाही.

शंका असेल तर पिशवी घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीइतकी गरम होईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आत पाणी सुटते.

खाडीकाठ:

कढीपत्ताताई, कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच आहे! आजच हलवतो.

आता पावसाचे सांगा. मिठाच्या बाटलीत तांदूळ टाकतात तसे बरणीत टाकले तर? किंवा बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी?

निवांत:

दोन्ही नको. तांदळाने फारसे काही होत नाही, आणि सिलिका जेल थांबायचे कुठे हे ओळखत नाही, ती तंबाखूचा कुरकुरीत चिवडा करून टाकेल. तुम्हाला ओल शोषून घ्यायची नाहीये, योग्य ओलीवर असताना बरणी बंद करायची आहे. त्यानंतर बाहेर जुलै असो की जानेवारी, आतल्या तंबाखूला फरक पडत नाही. सगळी मेहनत बंद करण्याच्या दिवशीची.

हाताची परीक्षा अशी: चिमूट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली, कुरकुरली तर कोरडी, सावकाश उलगडली तर बरोबर. आकड्यात सांगायचे तर पानात १२ ते १५ टक्के ओल, किंवा बंद बरणीत सापेक्ष आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास. सत्तरच्या वर गेलात की बुरशीला आमंत्रण. मुंबई-ठाण्याची जुलैतली हवा ८५च्या आसपास असते, म्हणजे तुम्ही बरणी उघडून गप्पा मारत बसलात तरी तंबाखू ओल ओढत राहते.

बरणीत मावेल असा छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो, घ्या, पण त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्या, चिखलाइतके ओले करा, विरघळू देऊ नका. ते आणि मापक एका बंद डब्यात रात्रभर ठेवा. ७५ दाखवायला हवे. ८० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी पाच वजा करा.

भरण्याचे काम पाऊस सुरू व्हायच्या आत उरका. तुमच्याकडे आत्ताही हवा दमट आहे, तेव्हा बेडरूममध्ये एसी लावा, तासाभराने खोली कोरडी झाली की तिथेच वर्तमानपत्रावर तंबाखू पसरा. फ्लेक बहुतेकदा डबीतून फार ओली निघते, तिला वेळ द्या. बरण्या उकळून घ्या आणि पूर्ण वाळवा. झाकणाच्या आतल्या कडेला पाण्याचा थेंब राहतो, तो फडक्याने नाही, पंख्याखाली ठेवून घालवा. क्लिपच्या बरण्या घेणार असाल तर वायसर कुकरच्या गॅस्केटसारखा काही वर्षांनी कडक होतो, बदलावा लागतो. बरणीत पाणी भरून उलटी करा, गळली तर परत द्या. जॅमच्या जुन्या बरणीचे झाकण वापरू नका, वास त्याच्या अस्तरात असतो.

बरण्या लहान घ्या, पन्नास-साठ ग्रॅमच्या. मोठी बरणी दर शनिवारी उघडलीत तर मुरणार काय? न उघडता ठेवायच्या त्यांच्यावर नाव आणि भरल्याची तारीख लिहा. व्हॅक्यूम करू नका, थोडी हवा आत हवीच असते.

आणि माळ्यावर नाही! स्लॅबखाली मे महिन्यात भट्टी असते. बाहेरच्या भिंतीला ओल धरते म्हणून तिथेही नाही. आतल्या भिंतीच्या कपाटाचा खालचा खण, अंधारात.

गोदाकिनारा:

अवांतर: मग आपली निपाणीची तंबाखू बरणीत भरून मुरवली तर? स्वस्तात काम होईल.

निवांत:

ती विडीची, उन्हात वाळवलेली, कडक. साखर नाही, त्यामुळे व्हर्जिनियासारखी मुरणार नाही. पाइपमध्ये भरून पाहिलीत तर उचकी थांबेपर्यंत इथे लिहू नका. भारतात कोठीत वाळवलेली व्हर्जिनिया पिकते ती आंध्र आणि कर्नाटकात, पण ती पाइपसाठी दाबून-कापून तयार केलेली सहज हाती लागत नाही.

हिमवासी:

एका बाबतीत निवांतरावांशी थोडा मतभेद. रोज वापरायच्या बरणीत मी ६२ टक्क्यांचे बोव्हेदा पाकीट ठेवतो. ते दोन्ही बाजूंनी काम करते, जास्तीची ओल घेते आणि कमी पडली तर देते. मुरवायच्या बरण्यांत गरज नाही. पण पावसाळ्यात उघड-मीट होणाऱ्या बरणीला ठाण्यात हेच बरे पडेल. सिगारच्या लाकडी ह्युमिडॉरच्या (ओल राखणाऱ्या पेटीच्या) फंदात मात्र पडू नका, सिगारला याहून जास्त ओल लागते आणि लाकडाचा वास तंबाखूत उतरतो.

निवांत:

उघड्या बरणीसाठी मान्य. खाडीकाठ, फुगलेली डबी उघडाल तेव्हा सिंकवर धरा, नाण्याने झाकणाची कड हळूच उचला. फुस्स झाले की घाबरू नका. आणि मेहुण्यांना सांगा, पुढच्या खेपेला एकच डबी, बाकी वजनात चांगल्या बरण्या.