मदत हवी आहे : दुनळी बंदुकीच्या नळीत शिसं बसलंय

राम राम मंडळी. किनवटकडं आमचं शेत आहे. वडिलांची बारा बोरची दुनळी पीकसंरक्षणाच्या परवान्यासकट माझ्या नावावर झालीय. रानडुकरं हुसकायला वर्षाकाठी पाच-दहा बार होतात, तेवढंच.

परवा निवडणुकीनंतर ठाण्यात जमा असलेली बंदूक आणली, मधून मोडून उघडली आणि नळी उजेडाकडं धरली. उजवी आरशासारखी चकचकीत. डावीत मात्र काडतुसाच्या घरापुढं चार बोटांवर करडे, लांबट पट्टे, गोगलगाय चालून गेल्यासारखे. तोंडाशी चोकमध्येही (नळीचा निमुळता भाग) थोडे आहेत. आधी गंजच वाटला, पण गंज तांबूस आणि खरबरीत असतो. हे मऊ आहे, चिंदीवर चंदेरी कण येतात. वडील जुनी नमद्याच्या डाटाची (दारू आणि छर्रे यांच्यामधल्या बुचाची) काडतुसं वापरायचे. त्यात शिशाच्या छर्ऱ्यांभोवती प्लास्टिकची वाटी नसते, छर्रे थेट नळीला घासतात. शिसं त्याचंच असणार.

रॉकेल लावून रात्रभर ठेवलं, पितळी ब्रशनं दोन दिवस घासलं. निम्मं निघालं. एकानं सांगितलं, जुन्या ब्रशवर तांब्याच्या घासणीच्या तारा गुंडाळून फिरव. तांबं पोलादाहून मऊ, हे पटतं. पण बाजारातल्या बऱ्याच घासण्या नुसता तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी निघतात. चुंबक लावून बघणं पुरेसं आहे का? दुसऱ्यानं व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवलं. ते मी करणार नाही, त्यातून विषारी क्षार होतो आणि नळीचा निळा रंगही जातो.

कुणी तारांचा प्रयोग केलाय का? ब्रश काडतुसाच्या घराकडूनच घालायचा ना? आणि चोकमधलं कसं काढलं?