राणी गेली, आता राजाचं काय? (क्लाऊनफिश)

पुणेरी_खारं_पाणी:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात चार वर्षं ऑसेलॅरिस क्लाऊनफिशची जोडी होती. नावं लेकीने ठेवलेली, राजा आणि राणी. गेल्या महिन्यात टाकी साफ केल्यावर माझ्याकडून झाकण नीट बसलं नाही आणि सकाळी राणी सोफ्याखाली वाळलेली सापडली. चूक माझीच.

राजा अंगाने तिच्यापेक्षा बराच लहान. ती जवळ आली की हा आडवा होऊन थरथरायचा. माझा हात पाण्यात गेला की तिच्या मागे दडायचा. आता तीन आठवड्यांत थरथरणं बंद, आणि काल काच घासताना चक्क अंगठ्याला चावला! दुकानदार म्हणतो, "ताई, मोठी मादी आलीये, घेऊन जा." लेक म्हणते, राजाच राणी होणार. कुणाचं ऐकू?

डोंबिवलीकर_काका:
लेकीचं ऐका! मोठी मादी अजिबात आणू नका. क्लाऊनफिशमध्ये सगळी पिल्लं आधी ना नर ना मादी. गटात सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या नंबरचा नर, बाकीचे नुसते उमेदवार. मादी गेली की नराला बढती, आणि उमेदवारांतला पहिला नर होतो. हे १९७७ सालीच शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय. उलटा प्रवास मात्र नाही. मादीचा पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन माद्या एका टाकीत म्हणजे एकीचा जीव जाणार.

तेव्हा राजापेक्षा स्पष्ट लहान असं पिल्लू आणा. पहिले काही दिवस जाळीच्या टोपलीत घालून टाकीतच तरंगत ठेवा, एकमेकांना बघू द्या. राजा दमदाटी करेलच. पिल्लू थरथरलं की समजा, मांडवली झाली.

पुणेरी_खारं_पाणी:
काका, मग राजा आत्ता आतून काय आहे? नर की मादी?

डोंबिवलीकर_काका:
वागणूक आधी बदलते, तुमच्या अंगठ्याला विचारा. अमेरिकेत इलिनॉयच्या संशोधकांना २०१९ मध्ये हेच दिसलं: मेंदूचा एक भाग आधी मादीसारखा होतो, बीजांडकोश मागाहून, कधी कधी खूपच मागाहून. अंडी घालेपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

माझ्याकडच्या जोडीने मातीच्या उलट्या कुंडीवर अंडी घातली होती. आधी केशरी ठिपके, मग प्रत्येकात चंदेरी डोळ्यांची जोडी. बापाचं पंखांनी वारा घालणं दिवसभर चालू, आई फक्त पहाऱ्याला. आठव्या रात्री दिवे मालवल्यावर फुटली. पिल्लं वाढवणं मला जमलं नाही, तो वेगळा रडगाण्याचा विषय.

अंदमान_वारी:
हॅवलॉकला एका ॲनिमोनमध्ये (समुद्रतळाला चिकटलेला, मऊ सोंडांचा जीव, क्लाऊनफिशचं घर) दोन मोठे आणि तीन चिमुकले पाहिले होते. मी भाबडेपणाने "किती गोड कुटुंब" म्हणाले. गाईड हसला. ती त्यांची पिल्लं नसतातच म्हणे! अंड्यातून निघालेली पिल्लं आठ-दहा दिवस मोकळ्या समुद्रात वाहतात आणि मग मिळेल त्या ॲनिमोनवर येऊन टेकतात. म्हणजे ते तिघं पोटभाडेकरू.

डोंबिवलीकर_काका:
बरोबर सांगितलं त्याने. आणि हे भाडेकरू मुद्दाम लहान राहतात. पापुआ न्यू गिनीत यांच्याच चुलतभावंडांवर, म्हणजे परक्युलांवर, काम झालंय (२००३). वरच्याच्या मापाला भिडेल इतकं वाढलं तर हकालपट्टी, म्हणून वाढच रोखून धरतात. पागडीच्या खोलीसारखं, वरचा जाईपर्यंत अंग चोरून राहायचं.

पुणेरी_खारं_पाणी:
अपडेट देते. रविवारी बोटाच्या पेराएवढं पिल्लू आणलं. चार दिवस टोपलीत ठेवून आज सोडलं. राजाने दोनदा पिटाळून कोपऱ्यात दाबलं. तिसऱ्यांदा पिल्लू आडवं झालं आणि जे काही थरथरलं! लेक म्हणते, हा प्रधान. राजाचं नाव बदलायला ती अजून तयार नाही.