३०-३० रुग्णांत ट्रायल भागेल का? सॅम्पल साइझ आणि गळती

मिरज_पीजी
सांगली जिल्ह्यातल्या टाइप २ मधुमेहींवर थिसिससाठी ट्रायल करायची आहे. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत दर आठवड्याला फोनवर आहार-व्यायामाचा सल्ला. सहा महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी). ०.५ चा फरक पडला तरी कामाचा मानू. जुन्या नोंदींत एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा) १.२ आहे. गटाला ३० पुरे असं सगळे म्हणतात. गळतीसाठी (मध्येच सुटणाऱ्या रुग्णांसाठी) १५ टक्के वाढवू का? वाटप सोमवारचे एका गटात, मंगळवारचे दुसऱ्यात, असं ठरवतोय.

कराडचे_आकडे
३० ला आधार नाही. एसडीचा वर्ग भागिले फरकाचा वर्ग, गुणिले १५.६८ (पॉवर, म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता, ८० टक्के; अल्फा, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ दोन्ही बाजूंनी). १.४४ भागिले ०.२५ म्हणजे ५.७६, गुणाकार ९०.३, म्हणून गटाला ९१. पॉवर ९० हवी तर १२१. ३० घेतलेत तर फरक खरोखर असूनही तो हाती लागायची शक्यता जेमतेम ३५ टक्के. रुग्णांना सहा महिने हेलपाटे घालायला लावून शेवटी ‘निष्कर्ष काढता येत नाही’ लिहायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

गळतीसाठी गुणायचं नाही, भागायचं. ९१ भागिले ०.८५, म्हणजे १०८. नुसते १५ टक्के वाढवले तर १०५ होतात आणि गळतीनंतर ८९ च उरतात.

तासगाव_स्टॅट
वारावरून वाटप अजिबात नको. उद्या कोणता गट हे आधीच माहीत असलं की ओळखीच्या रुग्णाला ‘मंगळवारी या’ सांगितलं जातं. संगणकावर ४ आणि ६ चे ब्लॉक (दोन्ही गट समसमान असलेले रुग्णांचे छोटे संच) मिसळून यादी काढा. एकाच मापाचा ब्लॉक असेल तर शेवटचा गट ओळखता येतो. यादी रुग्ण न तपासणाऱ्या माणसाकडे ठेवा. लिफाफे अपारदर्शक, क्रमांक घातलेले. संमतीची सही झाल्यावर, नाव लिहूनच फोडायचे.

आणि १५ टक्के गळती कुणाची? वाळवा तालुक्यात ऊसतोड मजूर घेणार असाल तर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळ्या गावी जातात. जानेवारीतला रुग्ण जुलैत सापडत नाही. ‘पुढचे सहा महिने जिल्ह्यात राहणार’ अशी अट घालता येईल, पण मग निष्कर्ष त्या मजुरांना लागू म्हणू नका.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: फोन घेणं बंद केलं म्हणजे ट्रायल सोडली, असं नाही. त्याचंही सहाव्या महिन्याचं रक्त घ्या आणि मूळ गटातच मोजा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या नळीतलं रक्त २ ते ८ अंशांत आठवडाभर टिकतं, त्यामुळे नमुना गावातून आणून एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने तपासता येतो.

मिरज_पीजी
समजलं. पण दोन्ही गटांचे मिळून २१६ रुग्ण मुदतीत मिळणं कठीण आहे.

कराडचे_आकडे
सुरुवातीचा एचबीएवनसी घेणारच आहात ना? मग विश्लेषण अँकोव्हाने (सुरुवातीचा आकडा हिशेबात धरून गटांची तुलना करणाऱ्या पद्धतीने) करा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांत सहसंबंध ०.६ असेल तर ९१ ला ०.६४ ने गुणा: ५९. गळती धरून ७०, दोन्ही गट मिळून १४०. मात्र १.२ ही सहाव्या महिन्याच्या आकड्याची एसडी आहे की बदलाची, ते आधी बघा. बदलाची असेल तर ही सवलत लावू नका, दोनदा धरली जाते. सहसंबंधही जुन्या नोंदींतूनच काढा.

हे सगळं प्रोटोकॉलमध्ये लिहून एथिक्स कमिटीकडे द्या. सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.